टकटक ऐकू येतेय? मग नखं वाढलीत

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात कुत्र्या-मांजरांच्या नखांचेच प्रश्न जास्त. जंताचं औषध, लसी, खाणं यांबद्दल लोक बिनधास्त विचारतात. नखांचा विषय निघाला की मात्र पत्राचा सूर जरा कबुलीजबाबासारखा होतो: ‘डॉक्टर, मला भीती वाटते हो.’ वाटणारच. माझीही पहिली काही वर्षं हात थरथरण्यातच गेली. ते पुढे येईलच.

आमचा लॅब्रॅडॉर फरशीवरून चालला की टकटक आवाज येतो. त्याची सगळी नखं काळी आहेत. आतली नस दिसतच नाही. किती कापायचं हे कळणार कसं?

उभं राहिल्यावर नखं जमिनीला टेकत नसतील, तर साध्या चालण्यात आवाज येत नाही. आवाज येतोय म्हणजे प्रत्येक पावलाला नख जमिनीवर आपटतंय आणि बोट मागे ढकललं जातंय. महिनोन् महिने असं चाललं की कुत्रा पाय वेगळा टाकायला लागतो. वय झालेल्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला तर हे फारच जड जातं.

तुम्ही ज्याला नस म्हणता त्याला आमची आजी ‘जिव्हाळी’ म्हणायची. आमची नखं कापताना दर वेळी तिची ताकीद असे, ‘जिव्हाळीपर्यंत जाऊ नकोस गं.’ कॉलेजात इंग्रजी नाव शिकले, पण माझ्या तोंडी आजीचाच शब्द राहिला. जिव्हाळीत रक्तवाहिन्या असतात आणि संवेदनाही. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. तिच्या अलीकडे दोन मिलिमीटर थांबलं की काम झालं. काळ्या नखात ती बाहेरून दिसत नाही, म्हणून कापलेल्या तोंडाकडे बघत पुढे जायचं.

आधी पंजा उचलून नख खालून बघा. टोकाकडे खालच्या बाजूला पन्हळीसारखी खाच दिसेल. तेवढा भाग पोकळ असतो आणि बहुतेक वेळा बिनधोक कापता येतो. त्यापुढे एकेक पातळ चकती काढायची, कागदाच्या दोन-तीन पदरांएवढी. दर चकतीनंतर नखाचं तोंड बघायचं. सुरुवातीला ते कोरडं, पांढुरकं, भुसभुशीत दिसतं. मग मधोमध एक गोल, करडा किंवा काळसर, जरा ओलसर चमकणारा ठिपका येतो. ठिपका दिसला की हात आवरा. ‘अजून एवढंसंच’ असं मनात येतं ना, रक्त नेमकं त्यानंतरच्या चकतीला येतं. अठरा नखांत एखादं जरी पांढरं असेल तर आधी ते कापा. त्यातल्या जिव्हाळीच्या लांबीवरून बाकीच्यांचा साधारण अंदाज येतो.

एका बैठकीत नखं आखूड करायचा हट्ट धरू नका. नख वाढतं तशी जिव्हाळीही लांबते. आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं टोक काढत राहिलं की ती हळूहळू मागे सरकते. फार वाढलेल्या नखांना यात दोनेक महिने सहज जातात. नखं एकदा ताळ्यावर आली की तीन-चार आठवड्यांनी कापली तरी चालतं. आंघोळीनंतर नखं मऊ पडतात, तेव्हा कापणं सोपं जातं.

नख कापताना रक्त आलं. मी घाबरले, कुत्रीही घाबरली. आता कटर दिसला की ती पलंगाखाली जाते. पुन्हा कधी जमेल का?

जमेल. आधी रक्ताचं सांगते, म्हणजे पुढच्या खेपेला धावपळ होणार नाही. रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर कटरच्या शेजारीच ठेवा, शोधायला लागू नये. ती नसेल तर कॉर्नफ्लोअर चालतं. नखाचं टोक पावडरीत दाबायचं आणि दोन-तीन मिनिटं तसंच धरून ठेवायचं. ‘थांबलं का’ म्हणून दर दहा सेकंदांनी बघू नका, त्यात जमलेली गुठळी निघते. नंतर थोडा वेळ तिला धावू देऊ नका. रक्त दिसतं फार, जातं थोडं. पण दाबून धरूनही पंधरा-वीस मिनिटांनी ते वाहतच असेल तर दवाखाना गाठा. काही कुत्र्यांत रक्त गोठण्याचाच दोष असतो. डॉबरमनमध्ये फॉन विलेब्रांड हा आजार बराच आढळतो, आणि कधी कधी तो पहिल्यांदा कळतो तो अशा साध्या नखाच्या जखमेवरूनच.

आता पलंगाखालचं प्रकरण. माझा भुऱ्याही असाच बसायचा. नवी नवी डॉक्टर होते, घाई होती, कटरची धार गेलेली. एका फटक्यात नखही चिरलं आणि जिव्हाळीही. तो ओरडला, आणि मी काय केलं असेल? ‘आता संपवूनच टाकू’ म्हणून पंजा आणखी घट्ट धरला. त्यानंतर कटर राहू द्या, कटर ठेवलेला खण उघडल्याचा आवाज आला तरी तो पलंगाखाली. चूक रक्त काढण्यात नव्हती, ते कुणाच्याही हातून होतं. चूक नंतर घट्ट धरण्यात होती.

म्हणून सुरुवात खणापासूनच केली. खण उघडायचा, खाऊ टाकायचा, खण बंद. दिवसातून चार-पाच वेळा, दुसरं काहीच नाही. पाचव्या दिवशी खण वाजला की तो पलंगाबाहेर येऊन उभा राहायला लागला. मग कटर नुसता जमिनीवर ठेवला, खाऊ दिला. मग पंजाला हात लावला, खाऊ. बोट दाबलं, खाऊ. कटर नखाला टेकवला, न कापता उचलला, खाऊ. कटरच्या आवाजाचीही भीती बसलेली होती, त्यावर लाकडी काडी कापून आवाज ऐकवला. क्रम चुकवू नका. आधी स्पर्श, मग खाऊ. आधी खाऊ दाखवला तर कुत्रा खाऊवरच संशय घ्यायला शिकतो. तिनं पंजा ओढला तर सोडून द्या आणि पुढच्या वेळी एक पायरी मागे या. तीन आठवड्यांनी भुऱ्याचं एक नख कापलं. एकच. त्या दिवशीचं काम तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुसरं. शेजारच्यांना हा पोरखेळ वाटायचा, पण रोज एक म्हटलं तरी अठरा दिवसांत फेरी पूर्ण होते.

दरम्यान नखं वाढत असतील तर एका फळीवर सँडपेपर घट्ट चिकटवा, फळी तिरकी धरा आणि कुत्रीला पुढच्या पायांनी ती खरवडायला शिकवा. माती उकरायची हौस असलेल्या कुत्र्यांना हे दोन दिवसांत येतं. पुढची नखं त्यावर बऱ्यापैकी झिजतात. मागच्यांना तेवढा उपयोग नाही.

माणसांचा नेलकटर चालतो का?

मांजराच्या पिल्लाच्या कोवळ्या नखाला चालून जाईल. मोठ्या कुत्र्याच्या नखाला नाही. आपलं नख चपटं, त्यांचं गोलसर. आपला कटर ते दोन बाजूंनी चेपतो आणि नख उभं चिरतं. कात्रीसारखा, खोबण असलेला कटर घ्या, आणि धार गेली की बदला. बोथट कटर आधी दाबतो, मग कापतो, आणि त्या दाबानंच जनावर पंजा ओढतं.

मी सातवीत आहे. आमच्या कुत्र्याला पुढच्या पायात आतल्या बाजूला एक नख जरा वर आहे. ते जमिनीला लागतच नाही. मग ते कशाला आहे?

छान बघितलंस. तो त्याचा अंगठा. चालताना टेकत नाही, पण वेगात वळताना आणि हाड दोन पंजांत धरून चघळताना तो वापरतो. पुढच्या वेळी तो काही चघळायला बसला की अंगठ्याकडे बघ. साधारणपणे कुत्र्याला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार नखं असतात. काही जातींत मागेही अंगठा असतो. बोसरॉन नावाच्या फ्रेंच जातीत तर मागच्या पायांना दोन-दोन.

तुझ्यासाठी एक काम आहे. ते नख जमिनीवर घासत नाही, म्हणून झिजत नाही. गोल वाढत जाऊन कातडीत घुसतं, आणि केसाळ कुत्र्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. दर रविवारी ते तू तपासायचंस. कापायचं मात्र मोठ्यांनी. (आणि मोठ्यांसाठी: ‘आमचा रोज डांबरी रस्त्यावर फिरतो, त्याला कापायची गरज नाही’ असं म्हणणाऱ्यांनीही हे नख बघावंच.)

घरातच राहणाऱ्या मांजराची नखं कापायची की नाही? सोफ्याची पार चिंध्या झाल्यात. एकानं सांगितलं, नखं कायमची काढून टाका.

शेवटच्या वाक्याचं आधी. नख कायमचं काढायचं म्हणजे बोटाचं शेवटचं हाडच कापायचं, कारण मांजराचं नख त्या हाडातून उगवतं. आपलं प्रत्येक बोट शेवटच्या पेरातून उडवण्यासारखं ते आहे. त्यातून कायमची पायदुखी होऊ शकते. इस्राएलनं यावर 2011 मध्ये कायद्यानं बंदी घातली, न्यूयॉर्क राज्यानं 2019 मध्ये. सोफ्यासाठी तर मी ते कधीच करणार नाही.

कापणं मात्र सोपं आहे, कुत्र्यापेक्षा सोपं. दोन-तीन आठवड्यांनी पुढची नखं पुरेत. मांजर पेंगुळलेलं असताना मांडीवर घ्या. पंजा वरून अंगठ्यानं आणि खालून तळव्याच्या मऊ गादीवर बोट ठेवून हलकेच दाबा, नख म्यानातून बाहेर येतं. बहुतेक मांजरांचं नख पारदर्शक असतं, आतली गुलाबी रेघ स्पष्ट दिसते. पुढचं वळलेलं टोक असतं ना, तेवढंच एक-दोन मिलिमीटर काढायचं. कटरची पाती वर-खाली असू द्या, बाजूंनी चेपू नका. दोन नखांनंतर शेपटी आपटायला लागलं तर सोडा. उरलेली संध्याकाळी.

एवढं करूनही ओरबाडणं थांबणार नाही, आणि थांबायलाही नको. नखाचं जुनं बाहेरचं कवच त्यातूनच निघतं. सोफ्यापाशी चंद्रकोरीसारखी पोकळ टरफलं सापडतात ती हीच. ‘मांजराचं नख तुटून पडलं’ म्हणत पुडीत बांधून आणणारे मला वर्षातून दोघेतिघे तरी भेटतात. शिवाय पंजात गंधग्रंथी असतात, ओरबाडून मांजर आपली खूण ठेवतं. मग त्याला सोफ्याहून बरी जागा द्या: न डगमगणारा, सुतळी गुंडाळलेला खांब, मांजर पूर्ण ताणून उभं राहील इतका उंच, म्हणजे निदान तीन फूट. तो कोपऱ्यात लपवू नका, सोफ्याच्या शेजारीच उभा करा. बहुतेक घरांत खांब बुटका असतो किंवा हलतो, आणि मग दोष मांजराला.

नखं घासायचा ग्राइंडर वापरू का?

वापरा, आवाजाची सवय लागल्यावर. एका नखावर दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, घर्षणानं नख तापतं. पंजावरचे लांब केस मागे धरा, फिरत्या टोकात गुंततात.

आमची मांजरी पंधरा वर्षांची आहे. आजकाल फरशीवर तिची नखं अडकतात आणि ती एक पाय उचलून धरते. वयामुळे असेल ना?

वयामुळे, पण ‘असू दे’ म्हणण्यासारखं नाही. सांधे दुखले की मांजर ओरबाडणं कमी करतं. मग जुनी कवचं निघत नाहीत, एकावर एक साचतात, नख जाड, ठिसूळ होतं आणि आत न जाता बाहेरच राहतं. वाढता वाढता ते अंगठीसारखं वळून गादीत घुसतं. ज्या पायाला जपतेय त्याची सगळी बोटं, अंगठ्यासकट, उजेडात नीट बघा. नख गादीत रुतलेलं दिसलं, वास येत असला, तर घरी ओढून काढू नका. आत जखम असते, पू असतो. दवाखान्यात ते कापून, जखम धुऊन, लागलं तर औषध देऊन तिला मोकळं करतील. सांधेदुखीचंही त्याच भेटीत विचारा. वजन कमी होत असेल तर थायरॉइडची तपासणीही करून घ्या. त्यानंतर दर दहा-बारा दिवसांनी नखं बघायची जबाबदारी तुमची, कारण ती आता तिला जमत नाही.

नखं कापताना मांजरानं ओरखडलं. काय करावं?

मांजर सोडा आणि जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा, अंदाजानं नाही. मग त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मांजराचं रेबीजचं लसीकरण कधी झालंय ते सांगा. पुढच्या दिवसांत ताप आला किंवा काखेत गाठ सुजली तर ओरखड्याचा उल्लेख आवर्जून करा.

कुत्र्याची तीन नखं महिन्याभरात आपोआप गळाली. दोन एका पायाची, एक दुसऱ्याची. मार लागलेला नाही. वाट बघू का?

नको. एकच नख तुटलं असतं तर मी मार, अडकणं, धावपळ असं धरलं असतं. एकच बोट सुजून राहिलं असतं तर एक्स-रे काढायला लावला असता, कारण नखाच्या मुळाशी गाठही होऊ शकते. पण एरवी धडधाकट कुत्र्याची वेगवेगळ्या पायांची नखं एकापाठोपाठ सैल होऊन गळत असतील, तर ल्युपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी नावाच्या विकाराचा विचार करावा लागतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नखांच्या मुळावर उठते. जर्मन शेफर्डमध्ये तो जास्त दिसतो. उपचार आहेत, पण महिन्यांच्या हिशेबानं चालतात, कारण नवं नख मुळापासून वाढून यावं लागतं. तोवर त्याला गुळगुळीत जागेवर चालवा, दगडाधोंड्यांत नको. अर्धवट लोंबणारं नख असेल तर घरी उपटू नका, फार दुखतं. आणि गळून पडलेली नखं टाकली नसतील तर कागदात गुंडाळून सोबत न्या. बुरशी आहे का हे तपासायचं झालं, तर तीच कामाला येतात.