जग सौरऊर्जेकडे चाललंय, मग तेल कंपन्यांचे शेअर घ्यावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे की तेल कंपनीच्या शेअरचा पीई (शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा वर्षाचा नफा) ६ च्या आसपास आहे, लाभांश ठेवीच्या व्याजापेक्षा बरा आहे, पण पुढे तेलाचं काय होणार ही धास्ती आहे. घ्यायला हरकत नाही. फक्त ‘पीई कमी आहे’ एवढ्याच कारणासाठी घेत असाल तर जरा थांबा, कारण माझे हात नेमके तिथेच पोळलेत.

२०१४ च्या सुरुवातीला तेल १०० डॉलरच्या वर होतं. मी एका उत्खनन कंपनीचे शेअर घेतले. एक आकडी पीई, भरघोस लाभांश, सगळं तुमच्यासारखंच. त्या नोव्हेंबरात ओपेकने, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने, उत्पादन कमी करायला नकार दिला, अमेरिकेतलं शेल तेल (खडक फोडून काढलेलं) आधीच बाजारात ओसंडत होतं, आणि २०१६ च्या जानेवारीत भाव ३० डॉलरच्या खाली गेला. नफाच उरला नाही, मग पीई कशाचा काढणार? लाभांशही कापला गेला. तरी मी धरून बसलो. २० एप्रिल २०२० ला डब्ल्यूटीआय या अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा (पुढच्या तारखेच्या मालाचा सौदा) उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, म्हणजे विकणाराच वर पैसे देत होता, त्या आठवड्यात वैतागून विकून टाकले. दोन वर्षांच्या आत, मार्च २०२२ मध्ये, ब्रेंट, म्हणजे जागतिक भाव ज्यावर ठरतो ते तेल, १३० डॉलर ओलांडून आलं. असो.

या सगळ्यात सौरऊर्जेचा काडीचाही हात नव्हता. तेल हा मुळात तेजी-मंदीचा धंदा आहे आणि पीई सगळ्यात स्वस्त दिसतो तो तेजीच्या शिखरावर, कारण खाली भागायला फुगलेला नफा असतो. तेलाकडून सौर-विजेकडे होणाऱ्या ऊर्जाबदलाने हे चक्र थांबत नाही, उलट जास्त हिंदकळतं. जगात रोज १० कोटी बॅरलपेक्षा जास्त तेल लागतं. दुसरीकडे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर पाच नव्या गाड्यांपैकी एकाहून जास्त विजेवर चालणारी होती (प्लगने चार्ज होणाऱ्या हायब्रिड धरून). जुन्या विहिरींचं उत्पादन आपोआप घटत असतं, त्यामुळे नव्या विहिरींवरचा खर्च मागणीपेक्षा आधी आटला तर भाव भडकतो, उलटं झालं तर कोसळतो. दोन-तीन टक्क्यांची तूट किंवा आधिक्यही त्याला पुरतं. पूर्वी मंदीत अडकलं की ‘पुढच्या तेजीत निघू’ म्हणता यायचं. आता ती पुढची तेजी शेवटची असू शकते.

कोळशाचं बघा. पीबॉडी ही अमेरिकेतली मोठी कोळसा कंपनी. २०११ मध्ये, भाव चढे असताना, तिने कर्ज काढून ऑस्ट्रेलियातली मॅकआर्थर कोल घेतली आणि एप्रिल २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. जगाचा कोळशाचा वापर मात्र त्यानंतर २०२२ आणि २०२३ मध्येही उच्चांक करत होता. माल टिकला, भागधारक बुडाले.

म्हणून ‘तेल कधी संपणार’ यापेक्षा कंपनी हातातल्या पैशाचं काय करते याकडे मी बघतो. हरित होण्याची घोषणा ऐकून हुरळून जाऊ नका. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २०२० मध्ये तेल-वायूचं उत्पादन २०३० पर्यंत ४० टक्के कमी करू म्हटलं, २०२३ मध्ये ते २५ टक्क्यांवर आणलं आणि २०२५ मध्ये तेही सोडलं. डेन्मार्कच्या ऑर्स्टेडने मात्र २०१७ मध्ये तेल-वायूचा धंदा खरोखरच विकला आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांकडे वळली. तरी तिचा शेअर २०२१ च्या शिखरावरून तीन वर्षांच्या आत एक तृतीयांशाच्याही खाली आला.

वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचं पान उघडा. धंद्यातून आलेली रोख घ्या, त्यातून भांडवली खर्च (नव्या विहिरी, यंत्रं यांवरचा) वजा करा, उरलेल्यातून लाभांश भागतो का ते बघा. २०२२ च्या आकड्यांवर सगळ्याच कंपन्या राजा वाटतील. हेच गणित २०२० वर करा. तिथे कर्ज काढून लाभांश दिलेला दिसला तर मी पान मिटतो. ‘इतकी वर्षं देतायत’ यावर विसंबू नका. शेल नावाच्या तेल कंपनीने दुसऱ्या महायुद्धापासून एकदाही न कापलेला लाभांश एप्रिल २०२० मध्ये ४७ सेंटवरून १६ वर आणला. जाता जाता, बंद पडणाऱ्या विहिरी बुजवण्यासाठी किती तरतूद केलीय तेही अहवालातल्या हिशोबाच्या टिपांमध्ये असतं. ते फार कुणी वाचत नाही.

सध्या माझ्याकडे अशी एकच कंपनी आहे, एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांच्या आत, आणि तिचा लाभांश मी पुन्हा तिच्यात घालत नाही.

तुमचा तो ६ चा पीई कोणत्या वर्षाच्या नफ्यावर काढलाय? मागच्या दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर काढून बघा आणि आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू.