वाचकांचे प्रश्न : चवथीला घरच्यांच्या हाती एअर रायफल

प्रश्न : चवथीला सगळी भावंडे घरी जमतात. नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) भरायची स्प्रिंगची एअर रायफल घरात आहे. बहीण, भावजय आणि बारा-तेरा वर्षांच्या भाच्यांना पहिल्या दिवशी काय शिकवावे? (डिचोली)

उत्तर : पहिला अर्धा तास पेलेटचा (छऱ्यांचा) डबा उघडूच नका. आधी प्रत्येकाचा मुख्य डोळा कोणता ते पाहा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवायची, तिच्यातून दाराची कडी बघायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला कडी दिसत राहते तो मुख्य. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा मुख्य निघाला तर दस्ता (रायफलीचा मागचा लाकडी भाग) डाव्या खांद्याला लावून बघा. नवख्याला दोन्ही खांदे सारखेच अनोळखी असतात. दुसरा डोळा आवळून मिटू नये, चेहरा आखडतो. चष्म्याच्या त्या काचेवर कागदाची पट्टी चिकटवली की काम झाले. चष्मा तसाही सगळ्यांना हवाच, बघणाऱ्यांनाही.

मग टेबल, खुर्ची आणि जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून शिवलेली पिशवी. तीन किलोच्या आसपासची रायफल पोराने हातावर तोलली की थोड्याच वेळात हात थरथरतो, आणि नेम हलतोय म्हणून पोर घाईने चाप हिसकते. रायफल थेट पिशवीवर ठेवू नका. मध्ये डाव्या हाताचा तळवा पसरा आणि रायफल त्यावर नुसती टेकू द्या. स्प्रिंगच्या रायफलीत पेलेट नळीबाहेर पडण्याआधीच पिस्टनचा (हवा दाबणाऱ्या आतल्या दट्ट्याचा) धक्का सुरू होतो. करकचून धरली की दर वेळी ती वेगळी उडते.

लक्ष्य 5 मीटरवर. कार्ड मात्र 10 मीटर एअर पिस्तुलाचे आणा, त्याचा काळा गोल 59.5 मिमीचा असतो. रायफलच्या कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तो पहिल्याच दिवशी दाखवून कुणाचेच भले होत नाही. माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) मागच्या साइटमधल्या खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, माथा खाचेच्या वरच्या कडेला समपातळीत. नजर माशीवर. गोल अंधूक दिसणार आणि तो तसाच दिसू द्यायचा, हे मुलांपेक्षा मोठ्यांना पटवायला जास्त वेळ लागतो. श्वास अर्धा सोडून थांबायचे, बोटाचे पहिले पेर चापावर ठेवून दाब सरळ मागे वाढवत न्यायचा. आठेक सेकंदांत बार निघाला नाही तर बोट काढून पुन्हा श्वास. बार झाल्यावरही 'एक, दोन' म्हणेपर्यंत गाल दस्त्यावरून उचलायचा नाही.

माणशी वीस पेलेट पुरेत, पाच-पाचच्या चार फेऱ्यांत. भरायचे काम मोठ्यानेच करावे, मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरून. चाप सुटला तर नळी झटक्यात सरळ होते आणि बोटे सापडतात. रायफल ताणून (नळी वाकवून स्प्रिंग दाबून) पेलेटशिवाय चाप ओढू नका. पुढे हवा अडत नाही, पिस्टन थेट आदळतो आणि सील-स्प्रिंगची वाट लागते. नुसता नेम धरायचा सराव न ताणलेल्या रायफलीवर करा.

प्रश्न : पत्नीचे सगळे पेलेट डावीकडे खाली लागतात. मागची साइट फिरवू का? (फोंडा)

उत्तर : थांबा. कार्ड उलटे लावून कोऱ्या बाजूवर, मधोमध पेनाचा ठिपका काढून, पाच मारायला सांगा. पाचही छिद्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर दोष साइटचा. छिद्रे जिकडे न्यायची तिकडे मागची साइट सरकवा, म्हणजे इथे उजवीकडे आणि वर. छिद्रे विखुरलेली असतील तर साइटला हात लावू नका. उजव्या हाताने चाप हिसकला की नेम सहसा डावीकडे खालीच जातो. कार्डाकडे बघू नका, त्यांच्या बाजूला उभे राहून पापणी बघा: बारच्या आधी मिटली तर त्या आवाजाला बिचकताहेत. आणि हो, दस्त्याचे स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या धक्क्याने ते ढिले होतात आणि शिकणाऱ्याला उगाच बोलणी बसतात.

प्रश्न : परसात चिऱ्याची भिंत आहे, समोर माड. कार्ड कुठे लावू? (पेडणे)

उत्तर : दोन्हीकडे नको. चिऱ्याच्या खडबडीत तोंडावर आपटलेला पेलेट कुठे उसळेल सांगता येत नाही. माडाचा बुंधा गोल, कडेला लागला तर भलतीकडे. शिवाय जखमेतून सोंड्या भुंगा (माड पोखरणारी कीड) शिरतो. फूटभर खोल लाकडी खोक्यात जुनी वर्तमानपत्रे दाबून भरा, मागे लोखंडी पत्रा लावा. एकाच जागी मारून कागद पोखरला जातो, म्हणून दर बैठकीला गठ्ठे फिरवा. मागे पायवाट असेल तर परसाचा विचारच सोडा, रेंजवर जा.

4.5 मिमी आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून भाटातली (बागायतीतली) रानकोंबडी टिपायची मुभा मिळते असे नाही. 1972च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. पेलेट शिशाचे असतात. साबणाने हात धुतल्याशिवाय चवथीच्या नेवरीला (करंजीला) हात नाही.

प्रश्न : 2024च्या ऑलिंपिकमधली मनू भाकरची दोन कांस्यपदके पाहून मुलगी पिस्तूलच मागते. (मडगाव)

उत्तर : हट्ट चांगला, क्रम उलटा. पिस्तूल एका लांबवलेल्या हातावर तोलायचे असते आणि आखूड नळी जरा वळली की शेजाऱ्याकडे रोखली जाते. दोन-तीन महिने टेकूवर रायफल, सोबत रोज अर्धा लिटर पाण्याची बाटली हात सरळ ठेवून 30 सेकंद, पाच वेळा. मग रेंजवरच्या प्रशिक्षकाकडे.

प्रश्न : पावसात नळीला गंज चढतो. आत तेल सोडू का? (वास्को)

उत्तर : बाहेरून तेलाचा फडका फिरवा, बोटांचे ठसे पुसा, खाऱ्या हवेत गंज आधी तिथूनच सुरू होतो. आत तेल नको. ते पिस्टनपुढे गेले की दाबाने पेटते, नळीतून धूर येतो आणि सील जळते. फोमच्या पेटीत ओल धरून राहते, तेव्हा जूनपासून रायफल कपाटात उभी, कापडी पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या दर महिन्याला बदला. कपाटाला कुलूप, आणि पेलेटचा डबा दुसऱ्या कपाटात.