रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी कडकडीत गरम केला तर खायला हरकत काय?

हरकत आहे. 'गरम केलं की सगळे जंतू मरतात' हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं, कारण ते आमच्या थोरल्या दिरांचं ठेवणीतलं वाक्य आहे.

एकदा घरात पाहुण्यांचा गराडा होता. रात्री पातेलंभर भात उरला. मी म्हटलं, परातीत पसरते, वाफ गेली की फ्रीजमध्ये टाकते. भाऊजी म्हणाले, "राहू दे झाकून. गरमागरम आत ठेवून फ्रीज बिघडवायचाय का?" मध्यरात्री पाणी प्यायला उठले तेव्हा पातेल्याला हात लावून पाहिला, अजून कोमट! सकाळी तोच भात परतला, वाफा येत होत्या, वासही छान. मी खाऊ नका म्हटलं तर 'हिचं आपलं काहीतरी' म्हणून हसले सगळे. दुपारच्या आत एकेक जण बाथरूमकडे पळायला लागला. भाऊजींचं निदान, पित्त! आता पित्त काय भात खाणाऱ्यांनाच निवडून होतं? ज्यांनी नुसता चहा घेतला ते ठणठणीत होते.

बॅसिलस सिरिअस नावाच्या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं कवचातलं, उष्णता सोसणारं झोपलेलं रूप, भात शिजवला तरी जिवंत राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. सकाळच्या आचेने जीवाणू मरतीलही, पण उलट्या करवणारं विष 121 अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. तुमची कढई काय करणार त्याला? उलट्या साधारण अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतात, म्हणजे आमचं वेळापत्रकही जुळलं. वास-चवीवरून यातलं काही कळत नाही.

5 ते 60 अंशांच्या मधे अन्न रेंगाळू द्यायचं नाही, एवढंच. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, उथळ भांड्यात, फ्रीजमध्ये. आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

हां, प्रत्येक वेळी असं होतंच असं नाही, आणि गरम करणं फुकट जातं असंही नाही. साल्मोनेलासारखे जंतू नीट गरम केल्याने मरतात. पण घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर असला भात सरळ फेका. उलट्या थांबत नसतील तर डॉक्टर गाठा, घरच्या निदानावर बसू नका.

राहिला फ्रीज. पसरलेला भात लवकर निवतो, त्याने फ्रीज बिघडत नाही. भाऊजी, वाचत असाल तर आमचा अजून चालू आहे.