उसने पैसे घेऊन अल्बम करू का?

‘मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहा गाणी लिहून त्यांना चाली लावल्या आहेत. मित्र गिटार वाजवतो, त्याची बहीण माझ्यासोबत गाते. एका गाण्याचा बीट, म्हणजे तयार साथसंगीत, इंटरनेटवरून विकत घेतलाय. सगळं अजून मोबाईलवरच रेकॉर्ड केलेलं आहे. एका स्टुडिओने रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग आणि एक व्हिडिओ असं पॅकेज सांगितलं. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत त्यातलं निम्मंच भागतं. उरलेले बाबांकडून उसने घेऊ का? आणि अल्बमसाठी एक वर्ष कॉलेज सोडलं तर?’

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. कॉलेज सोडू नकोस. तुझ्या कामाला संध्याकाळ आणि सुट्ट्या पुरतात. पूर्ण वर्ष मोकळं मिळालं, तर त्यातले आठ महिने तू उपकरणांचे व्हिडिओ बघण्यात घालवशील. हे मी बऱ्याच मुलांचं पाहिलंय.

आता पैशांचं. उसने हा शब्द पत्रातून खोड, कारण हे पैसे परत येणार नाहीत. स्पॉटिफायने 2024 पासून असा नियम केला आहे की मागच्या बारा महिन्यांत ज्या गाण्याला हजार स्ट्रीम्स (म्हणजे ऑनलाइन ऐकले जाण्याच्या वेळा) मिळाले नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. पहिल्या अल्बमची बरीचशी गाणी या रेषेच्या अलीकडेच राहतात. म्हणून अल्बमचा खर्च म्हणजे एखाद्या कोर्सची फी समज. तुझ्या साठवणीतला जो भाग गेला तरी झोप उडणार नाही, तेवढंच तुझं बजेट. बाबांना यात आणू नकोस.

मग स्टुडिओ? इतक्यात नको. ज्याची गाणी अजून मोबाईलवरच आहेत, तो स्टुडिओत घड्याळाच्या भाड्यावर अरेंजमेंट, म्हणजे कुठलं वाद्य कुठे वाजेल ते, शोधत बसतो. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982 चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झाला. ते खरं तर डेमो, म्हणजे कच्चे नमुने होते. पुढे बँडसोबत पुन्हा रेकॉर्ड करून पाहिलं, पण ती जान येईना, म्हणून शेवटी कॅसेटच प्रसिद्ध केली. ही गोष्ट सगळे इथवरच सांगतात. पुढचा भाग असा की त्या कॅसेटचं मास्टरिंग, म्हणजे प्रसिद्धीआधीची शेवटची सफाई, करताना जाणत्या इंजिनिअरांना घाम फुटला. तुझं बजेट याच गोष्टीवरून ठरव: रेकॉर्डिंग घरी करायचं आणि पैसा शेवटच्या टप्प्यातल्या तयार कानासाठी राखायचा.

घरी दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), एक माईक आणि कान झाकणारे हेडफोन एवढं पुरे. साध्या खोलीत स्वस्त कंडेन्सर माईकपेक्षा डायनॅमिक प्रकारचा माईक बरा, कारण कंडेन्सर तुझ्या आवाजाबरोबर पंखा, रस्ता आणि भिंतींचा घुमाराही टिपतो. गाद्या-रजया सगळे माईकमागे लावतात. त्या गाणाऱ्याच्या पाठीमागे लाव, कारण माईकचं तोंड त्या भिंतीकडे असतं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर साठ दिवस वापरून बघता येतं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग 24 बिटवर कर आणि लेव्हल लाल रेषेपासून बरीच खाली ठेव. खरे ड्रम्स हवे असतील तर मात्र घरी धडपडू नकोस. त्यासाठी स्टुडिओचा एक दिवस घे, तिथे तो पैसा वसूल होतो.

आणि दहा नाही, चार गाणी कर. तुला हे आवडणार नाही. पण दहा गाण्यांचं मिक्सिंग ज्या पैशांत जेमतेम उरकलं जाईल, त्यात चारांचं नीट होईल. मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि वाद्यांचा तोल जुळवणं, स्वतः करू नकोस. ज्याने ते गाणं शंभरदा ऐकलेलं नाही, अशाला दे. आधी एकच गाणं देऊन बघ आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या मिळतील ते अगोदर विचार. मास्टरिंगमध्ये ‘आवाज मोठा कर’ असा हट्ट धरू नकोस. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे 14 एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) या पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे आवाज दाबून मोठा केलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, नुसतं चेपलेलं वाटतं.

कागदाचं काम कंटाळवाणं असलं तरी आधी कर. प्रत्येक गाण्यात दोन हक्क असतात: शब्द आणि चालीचा एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. मित्र आणि त्याच्या बहिणीचा कशात किती वाटा, ते गाणं पूर्ण होईल त्याच दिवशी लिहून तिघांनी सह्या करा. मैत्री आहे म्हणूनच लिहा.

वितरक, म्हणजे तुझी गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी, निवडताना हिशेब कर. डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेतं आणि ती थांबली की जादा पैसे भरल्याशिवाय गाणी टिकत नाहीत. सीडी बेबी प्रत्येक रिलीजला एकदाच फी घेतं, वर कमाईतले 9 टक्के. चार गाणी काढून तू परीक्षेत बुडणार, म्हणून मी दुसरं घेईन. रिलीजच्या तारखेच्या चार आठवडे आधी वितरकाकडे फाइल्स चढव. प्लेलिस्टमध्ये घ्यावं म्हणून स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, तेही एका वेळी एकच. ‘इतके हजार स्ट्रीम्स मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठव. बनावट स्ट्रीम्ससाठी स्पॉटिफाय वितरकाला दंड लावतं आणि तो फिरून तुझ्याच गळ्यात पडतो किंवा गाणं काढून टाकलं जातं.

माझा खरा रस पुढच्या गोष्टीत आहे. या काळात एक वही ठेव आणि कुठल्या कामात वेळेचं भान राहिलं नाही तेवढंच लिही. टेक (एकाच गाण्याची वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज) जुळवताना चार तास कुठे गेले कळलं नाही, तर साउंड इंजिनिअरिंगची चौकशी करू. माणसं, तारखा आणि करार सांभाळताना मजा आली, तर कलाकार व्यवस्थापनाची. फक्त लिहिताना आली, तर ती वेगळी वाट. ती वही घेऊन ये, मग पदवीनंतरचं बोलू.

तोवर त्या बीटचं लायसन्स आजच उघडून वाच. नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त तुझ्यापुरतं नसलेलं, असेल तर तोच बीट दुसऱ्या कुणाकडेही असू शकतो आणि गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (कुणी गाणं वापरलं ते ओळखणाऱ्या यंत्रणेत) टाकता येणार नाही. तसं निघालं तर ते गाणं चारांत धरू नकोस.