एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) नवीन आहेस ना, मग आधी गाळ बघायला शिक

पॅनेलची बटणं नंतर शिक की, आधी रोज सकाळी एअरेशन टँकमधलं (जिथं सांडपाण्यात हवा सोडतात) पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये घे अन् 30 मिनिटं हलवू नको. गाळ खाली बसून वर नितळ पाणी आलं तर गाळातले घाण खाणारे बॅक्टेरिया मजेत, बसतच नसेल तर गडबड. जिवंत आहेत ते, हवा लागते, डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेव. सोलापुरात मे महिन्यात पारा 40 च्या वर, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून लाईटबिलासाठी हवा सोडणारा ब्लोअर बंद करा म्हणणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं ऐकू नको (म्हणणारच ते). क्लॅरिफायरमधला (गाळ खाली बसायच्या टाकीतला) सगळा गाळ फेकू नको, बराचसा परत टँकमध्ये सोड, नाहीतर काम कोण करणार? टॉवेल डाईंगचं रंगीत पाणी मात्र घेऊच नको, त्याला वेगळा ईटीपी (कारखान्याच्या सांडपाण्याचा प्लांट) लागतो.