रिकामी गव्हाण आणि नाचणीची हिरवळ

वसईच्या किनारपट्टीवरील एका गावातून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत, कॅथलिक आहेत आणि मुलगा, सून व सहा वर्षांची नात यांच्यासह एकत्र राहतात. त्यांच्या पत्रातला मुख्य भाग असा:

"सून अलिबागकडची, हिंदू घरातली. लग्न रीतसर परवानगी घेऊन चर्चमध्येच झाले, नातीचा बाप्तिस्माही झाला. सून स्वभावाने चांगली आहे, पण ती आल्यापासून आमचा नाताळ बदलला. नोव्हेंबर सरायच्या आत ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे खोके येऊ लागतात. गेल्या वर्षी नातीने शाळेत नाताळावर पाच ओळी लिहिल्या, त्या पाचही सांताक्लॉजवर. येशूचे नाव कुठेच नव्हते. यंदा मुलाने २४ ते २६ डिसेंबर रिसॉर्टमध्ये खोल्या घेतल्या आहेत, म्हणजे चर्चमधली मध्यरात्रीची उपासना, मिस्सा, चुकणार. शेजारच्या गृहसंकुलातही लाल टोप्या घालून डीजे लावतात. आमचा सण सगळ्यांची करमणूक होऊन बसला आहे. 'हा सण तुझा नाही, तो बदलू नकोस' असे सुनेला स्पष्ट सांगू का? की मीच जुन्या काळात अडकले आहे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

नातीच्या त्या पाच ओळी वाचून तुमच्या मनाला जे लागले, ते लागण्यासारखेच होते. ज्या बाळाच्या जन्मासाठी तुम्ही आयुष्यभर डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री चर्चमध्ये गेलात, त्याचेच नाव त्याच्या जन्मदिवसाच्या वर्णनातून गळावे, याचे दुःख होणे म्हणजे जुन्या काळात अडकणे नव्हे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, परंतु वसईत अकरा वर्षे शिक्षिका होते आणि तुमच्या लोकांचा नाताळ मी घरात बसून पाहिला आहे. तेव्हा तुम्ही काय गमावल्याचे म्हणता, ते मला थोडेफार कळते.

मात्र सुनेला ते वाक्य कधीही बोलू नका. रागाच्या भरात नको, समजुतीच्या सुरातही नको. सात-आठ वर्षे ज्या मुलीने तुमच्या घरातला सण आपला मानून हौसेने सजवला, तिला तो तिचा नाही असे एकदा सांगितले की ते शब्द परत घेता येत नाहीत. दुसरे असे, की तुमच्या पत्रात खोके सुनेच्या नावावर आहेत, पण रिसॉर्टच्या खोल्या मुलाने घेतल्या आहेत. मिस्सा चुकवण्याचा निर्णय तुमच्या मुलाचा आहे आणि तुम्ही खऱ्या रागावल्या आहात त्या त्याच्यावर. आईला मुलावर रागावणे जड जाते, म्हणून तो राग वाट काढत सुनेपर्यंत पोहोचतो.

तुमच्या चर्चच्या कायद्यातही ही जबाबदारी कोणाची ते स्पष्ट आहे. ख्रिस्तेतर व्यक्तीशी विवाह करताना आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन कॅथलिक जोडीदार देतो. दुसऱ्या जोडीदाराला त्या वचनाची कल्पना दिली जाते, वचन मात्र मागितले जात नाही. म्हणजे नातीला गोठ्यातल्या बाळाची गोष्ट सांगण्याचे काम तुमच्या मुलाने स्वीकारले होते. सून तर जे दुकानात आणि मोबाइलवर दिसले, त्यावरून तुमचा सण समजून घेत राहिली. तिला दुसरे काही कोणी दाखवले का, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझे माहेर मालवणजवळ. आमच्या गणपतीवर माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची रानफळा-फुलांची आरास, बांधली जाई. कवंडळे, हरणाची फुले, नारळ, सुपारीचे घोस रानातून नि वाडीतून आणून बांधायचे, त्यातच सणाचे निम्मे सुख असे. एका वर्षी त्याऐवजी थर्माकोलचे विकतचे मखर आले आणि मी चारचौघांत भावजयीला बोलले. पुढच्या वर्षी तिने आरास करण्यात हातच घातला नाही, फक्त स्वयंपाकघर सांभाळले. मखर माझ्या भावाने ठरवले होते, हे मला चार वर्षांनी कळले. तोवर आमच्यात जे अंतर पडायचे ते पडून गेले होते.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते. तुम्ही एका दमात तीन गोष्टींची तक्रार केली आहे: खरेदी, सांता आणि शेजाऱ्यांची मौज. त्यांतली शेजाऱ्यांची मौज मी बाजूला काढू इच्छिते. डीजेच्या आवाजाबद्दल तुम्ही जरूर बोला, तो कोणत्याही सणाला त्रासच आहे. पण शेजाऱ्यांना तुमच्या सणाचा आनंद व्हावा, यात सणाचा अपमान नाही. दिवाळीच्या फराळाचे ताट तुमच्या घरी आणि नाताळच्या करंज्यांचे ताट त्यांच्या घरी, ही देवघेव वसईत मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या ताटावर रुमाल झाकून देणारी बाई समोरच्याची श्रद्धा विचारत नव्हती.

खरेदीचे मात्र तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते, आणि त्यातले खर्चापेक्षा मोठे नुकसान मला वेगळेच दिसते. तुमच्या धर्मात नाताळाआधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो, आणि तो वाट पाहण्याचा काळ आहे. जांभळी वस्त्रे, एकेका रविवारी पेटणारी एकेक मेणबत्ती, पापकबुली, मनाची झाडलोट, आणि मग कुठे २४ तारखेची रात्र. त्यानंतर सण सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणाच्याही थोडा पुढे चालतो. बाजाराने हे सगळे उलटे केले आहे. नोव्हेंबरमध्येच सण सुरू आणि २६ डिसेंबरला सामान अर्ध्या किमतीत. तुमच्या नातीला भेटवस्तू भरपूर मिळाल्या, पण कोणाची तरी वाट पाहायला तिला कोणी शिकवले नाही, आणि ज्याची वाट पाहिली नाही त्याचे नाव पाच ओळींत यावे कसे?

म्हणून २४ तारखेवरून भांडण्याऐवजी तुम्ही आधीचे चार आठवडे मागून घ्या. ते द्यायला कोणाची हरकत असणार नाही, कारण त्यांवर घरात दुसऱ्या कोणाचाच दावा नाही. ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी पहिली मेणबत्ती नातीच्या हातून पेटवा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला घेऊन गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी पेरा. पसरट थाळीत ओली माती, त्यावर नाचणी दाट पसरायची, दोन दिवस ओल्या फडक्याखाली ठेवायची आणि मग रोज सकाळी हाताने पाणी शिंपायचे. पाणी ओतले तर दाणे एका कडेला वाहून जातात, हे तिला एकदा चुकूनच कळू द्या. आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवळ उभी राहते. गोठा पेंढ्याने शाकारा, मेंढपाळ ठेवा, मारिया आणि योसेफ ठेवा, पण बाळ येशूची गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामीच राहू द्या. सहा वर्षांचे मूल रोज त्या रिकाम्या गव्हाणीत डोकावेल आणि रोज विचारेल. तेव्हा सांगायला तुमच्याकडे गोष्ट आहे.

सांताला घराबाहेर काढू नका, त्याला त्याच्या मूळ घरी पोहोचवा. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा येथे संत निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. तीन गरीब बहिणींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप पैशांच्या थैल्या त्यांच्या घरात टाकल्या, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. डच लोकांचा 'सिंटरक्लास' तो हाच, आणि अमेरिकेत जाऊन त्याचाच सांताक्लॉज झाला. त्यांचा सण ६ डिसेंबरला, म्हणजे आगमनकाळातच येतो. त्या दिवशी नातीने स्वतःच्या वस्तूंमधले काहीतरी, नाव न सांगता, कोणाच्या तरी दारात ठेवून यावे. सांता आपल्याला देतो एवढेच तिला ठाऊक आहे. त्याच्यासारखे देताही येते, हे तिला आवडेल असे मला वाटते.

सून नाताळचे झाड सजवत असेल, तर ते राहू द्या. झाड जर्मनीतून आले, आगमनकाळाचे मेणबत्त्यांचे चक्रही १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या एका प्रॉटेस्टंट पाळकाने गरीब मुलांसाठी सुरू केले, आणि गोठ्याची प्रथा रुजवण्याचे मोठे श्रेय संत फ्रान्सिस यांना जाते, ज्यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी जिवंत बैल-गाढवासह गोठा उभा केला. या सगळ्या गोष्टी कधीतरी नव्याच होत्या. झाडाच्या पायथ्याशी गोठा मांडायला सुनेलाच सांगा, आणि पेंढा आणायला जाताना तिला सोबत न्या.

तिच्यासाठी आणखी एक गोष्ट सुचवते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात राहून लिहिलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, आणि त्यांत येशूजन्माची कथा मराठी ओवीच्या चालीत येते. अलिबागच्या घरात वाढलेल्या मुलीने पोथी ऐकलेली असण्याचा संभव पुष्कळ आहे. रात्री जेवणानंतर दहा-दहा ओव्या तिने वाचाव्यात, तुम्ही अर्थ सांगावा. तुमचा सण तिला तिच्या ओळखीच्या सुरात भेटेल, आणि हे तुमच्याशिवाय दुसरे कोणी तिला देऊ शकणार नाही.

राहता राहिला मुलगा. त्याच्याशी एकट्याशी बोला, बायको-मुलीसमोर नको. उपदेश करू नका. "मला २४ च्या रात्री तू आणि नात मिस्सेला माझ्याशेजारी हवे आहात" एवढे एकच मागा आणि सहल २६ तारखेला सुरू करता येईल का, ते विचारा. सण तेव्हा तुमच्या पंचांगाप्रमाणे ऐन भरात असतो, त्यामुळे तुम्हीही मोकळ्या मनाने सोबत जाऊ शकाल. तो नाही म्हणाला, तर अबोला न धरता तुम्ही घरी थांबा, मिस्सेला जा आणि गव्हाणीत बाळ ठेवण्याचे काम नात परत येईपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवा. मात्र हे बोलणे या आठवड्यातच करा, कारण तारखा बदलायच्या तर रिसॉर्टला पुरेसे आधी कळवावे लागेल.

तुमची,
ताई