ऑटोहॉटकीमधे (विंडोजवर शॉर्टकट बनवायचं सॉफ्टवेअर) शॉर्टकट टाइप केल्यावर © किंवा ° च्या आधी टोपीवाला ए (Â) का येतो?

तुमचा शॉर्टकट बरोबर आहे, फाइल चुकीच्या एन्कोडिंगमधे (अक्षरं बाइट्समधे साठवायची पद्धत) सेव्ह झालीये. स्क्रिप्ट, म्हणजे शॉर्टकट लिहिलेली ती फाइल, नोटपॅडमधे उघडा, सेव्ह अ‍ॅज करा, खाली एन्कोडिंगच्या यादीत 'यूटीएफ-8 विथ बीओएम' निवडा आणि स्क्रिप्ट रीलोड करा, हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही. होतं असं की यूटीएफ-8 मधे © हे 2 बाइट्सचं असतं, पण ऑटोहॉटकीचं जुनं व्हर्जन म्हणजे 1.1 हे बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) दिसला नाही तर फाइल विंडोजच्या जुन्या कोडपेजने (अक्षरांच्या तक्त्याने) वाचतं, म्हणून दोन बाइट्सची दोन वेगळी अक्षरं होतात आणि तो जास्तीचा ए उगवतो. विंडोज 10 च्या 2019 च्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून बीओएमशिवाय सेव्ह करतं, त्यामुळे आपण काही न करताही हा घोळ होतो.

फक्त हे 1.1 साठीच, व्हर्जन 2 बाय डिफॉल्ट यूटीएफ-8 च वाचतं. कुठल्याही व्हर्जनमधे जर + ! ^ # किंवा महिरपी कंस गायब होत असतील तर तो प्रॉब्लेम निराळा, ही चिन्हं शिफ्ट, ऑल्ट, कंट्रोल वगैरे समजली जातात. त्यावर उपाय म्हणजे हॉटस्ट्रिंगच्या (टाइप केल्यावर दुसरा मजकूर उमटवणारा शॉर्टकट) सुरुवातीच्या दोन कोलनच्या मधे टी हे इंग्रजी अक्षर टाका, मग मजकूर जसाच्या तसा उमटतो.